डार्लाच्या बोटांचे ठसे

राज्याच्या परवाना बोर्डाचं पत्र आलं तेव्हा डार्ला ब्रेके दारापुढचं बर्फ फावड्यानं उपसून नुकतीच आत आली होती. बूटसुद्धा न काढता तिनं पाकीट फोडलं. परवाना काही त्यात नव्हता. 'आपल्या बोटांचे ठसे वाचण्यायोग्य नसल्याने नाकारण्यात येत आहेत', एवढी एकच ओळ होती आणि खाली रबरी शिक्क्याची सही.

"काय म्हणतात?" नवऱ्यानं, व्हर्लिननं, टेबलापासूनच विचारलं.

"मला बोटं नाहीत म्हणतात."

"मग बर्फ कुणी काढलं?" व्हर्लिन म्हणाला आणि पुन्हा कॉफीत बिस्कीट बुडवायला लागला.

डार्लाला हसू आलं नाही. तिनं हात दिव्याखाली धरून पाहिले. अंगठे गुळगुळीत, तर्जनी त्याहून गुळगुळीत. तेवीस वर्षं नॉर्डबीच्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काढली होती तिनं. पंचवीस खाटांचं हॉस्पिटल आणि त्याला चिकटून म्हाताऱ्यांचा विभाग, असा तो पसारा. पहिली नऊ वर्षं भांडी घासायच्या खोलीत, पुढे ताटं भरायच्या रांगेत, आणि नंतर दोन्हीकडे, कारण माणसं कधी पुरी नसायचीच. उकळतं पाणी, जंतुनाशक पावडर, आणि तळाला करपलेले हॉटडिशचे, म्हणजे भट्टीत भाजलेल्या मांस-बटाट्याच्या थरांचे, ट्रे खरवडायला तारेची घासणी. तिथे हातमोजे घालून भांडी घासणाऱ्या बाईकडे लोक पाहुणी आल्यासारखे बघत. त्या घासणीनं ट्रेबरोबर डार्लाची बोटंही घासून काढली होती, आणि आता सरकार म्हणत होतं की तू कोण हे आम्हाला कळत नाही.

हे सगळं डाएटिशियन होण्यासाठी चाललं होतं. आणि ते कसं चाललं होतं हे ऐकलं तर कुणाही शहाण्या माणसाच्या कपाळाला आठ्या पडतील. अडतिसाव्या वर्षी डार्लानं कॉलेजात नाव घातलं. दिवसा ताटं, सुट्टीच्या दिवशी रसायनशास्त्र. पदवी हातातोंडाशी आली, तेवढ्यात एका ऑक्टोबरात बीटची काढणी सुरू झाली, निम्मं स्वयंपाकघर जास्त मजुरीसाठी बीटच्या ट्रकांवर गेलं, आणि मागे उरलेल्या कामासाठी डार्लाला एक सत्र सोडावं लागलं. तेवढ्या एका सत्रात नियम बदलला. आता नुसती पदवी चालणार नाही, पदव्युत्तर पाहिजे. झाली आणखी दोन वर्षं. मग देखरेखीखाली हजार तास बिनपगारी काम. तिला वाटलं, हे तरी आपल्या घरचंच. पण स्वतःच्या स्वयंपाकघरातले तास धरत नाहीत. म्हणून ती नव्वद मैल गाडी हाकत शहरातल्या हॉस्पिटलात जायची आणि तिथे चोवीस वर्षांची एक मुलगी तिला सूप किती गरम असावं हे शिकवायची. डार्ला मान डोलवायची आणि वहीत लिहून घ्यायची. मग देशाची परीक्षा. तीत ती पहिल्या फटक्यात पास झाली. देशानं तिला डाएटिशियन मानलं. राज्यानं अजून मानलं नव्हतं, आणि राज्याच्या परवान्यावाचून तिला स्वतःला डाएटिशियन म्हणवून घेता येत नव्हतं, की कुणाच्या आहाराच्या कागदावर एक अक्षर लिहिता येत नव्हतं. पाकीटबंद गुणपत्रिका, चांगल्या चारित्र्याची दोन पत्रं, सहीशिक्क्याचं शपथपत्र, सगळं पोचलं होतं. अर्जदाराच्या नावावर काही गुन्हा नाही ना, हे राज्य बोटांच्या ठशांवरून तपासतं, आणि घोडं पेंड खात होतं ते त्या बोटांपाशी.

एवढी घाई कसली, असं कुणी विचारलं असतं तर डार्लानं त्याला म्हाताऱ्यांच्या विभागातल्या चौदा नंबरच्या खोलीत नेलं असतं. तिथे आर्डिस टोलेफसन होती.

आर्डिस म्हणजे त्या स्वयंपाकघराची पूर्वीची मुखत्यार. चौतीस वर्षं तिनं तिथे राज्य केलं. डार्लाला तिनंच भांड्यांच्या खोलीतून बाहेर काढलं आणि कॉलेजचा अर्जही तिनंच पुढ्यात आदळला होता. आता ती चौऱ्याऐंशी वर्षांची होती आणि हृदय व साखर या दोन तक्रारींपायी तिच्या ताटातून मीठ, साखर, लोणी, साय, सगळं हद्दपार झालं होतं. उरलं होतं ते उकडलेलं फिकं चिकन आणि पाणचट जेली. नोव्हेंबरात तिचं वजन एकशे चाळीस पौंड होतं. फेब्रुवारीत एकशे पंधरा.

या वयाच्या माणसाची इतकी पथ्यं सोडवावीत, नाहीतर तो खाणंच सोडतो, हे डार्लाच्या अभ्यासात होतं, परीक्षेतही आलं होतं. पण लिहिणार कोण? डॉक्टर साठ मैलांवरून एकाआड एक गुरुवारी येत. ते म्हणत, आहाराचं डाएटिशियननं लिहावं, मी सही करतो. डाएटिशियन म्हणजे शहरातून संगणकाच्या पडद्यावर दिसणाऱ्या एक बाई. त्यांच्याकडे असे चाळीस विभाग. त्या म्हणत, तिमाही संपली की वजनं बघू. म्हणजे जेवायचं रोज आणि बघायचं तीन महिन्यांनी.

पत्र आलं त्याच दुपारी डार्ला आर्डिसकडे गेली. पिशवीत एक लहानशी बरणी होती. घट्ट सायीत शिजवलेली लापशी, वर वितळलेलं लोणी, दालचिनी आणि साखर. नाताळात आर्डिस स्वतः चाळीस माणसांना पुरेल एवढी करायची तीच.

"आली का तुझी चिठ्ठी?" आर्डिसनं विचारलं. परवान्याला ती चिठ्ठीच म्हणायची.

"नाही. बोटांच्या रेषा दिसत नाहीत म्हणतात."

"मी सांगत होते, मोजे घाल."

"तू कधी सांगितलंस? मोजे घातले की तू टोमणे मारायचीस."

"तेही खरं," आर्डिस म्हणाली. तिनं बरणीचं झाकण उघडून वास घेतला, डोळे मिटले, आणि झाकण पुन्हा लावलं. "कार्डावर आहे हे?"

डार्ला पिशवीत चमचा शोधायला लागली.

"मग ने परत."

कार्डावर आहे ते ताटात, हा आर्डिसचा कायदा. प्रत्येक रोग्याचं एक कार्ड, त्यावर काय द्यायचं आणि काय नाही ते, खाली सही. फार वर्षांपूर्वी कुणीतरी प्रेमानं एका माणसाला शेंगदाण्याची वडी दिली आणि तो मरता मरता वाचला. तेव्हापासून आर्डिसच्या स्वयंपाकघरात प्रेमाला थारा नव्हता. कार्डाबाहेरचा बटाटासुद्धा ताटात गेला तर ती रांग थांबवायची.

"अगं, दोन घास खा. कोण बघतंय इथे?"

"मी बघतेय," आर्डिस म्हणाली. "आणि पकडली गेलीस तर तुझी चिठ्ठी कायमची गेली. अकरा-बारा वर्षं घातलीस ना त्यात? आता लापशीपायी घालवणार? तू कार्ड बदल. मग वाडगं भरून खाईन. दुसरं वाडगं मागेन. तोवर मी आहे."

डार्ला बरणी घेऊन घरी आली. व्हर्लिननं ती उभ्या उभ्या संपवली, आणि त्याचा तिला इतका राग आला की दोन दिवस ती त्याच्याशी धड बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं बोर्डाला फोन लावला. फोनवर केसल नावाच्या बाई होत्या. आवाज गोड, घाई अजिबात नाही.

"बोटं झिजली आहेत तुमची," केसलबाई म्हणाल्या. "होतं असं. गवंड्यांचं होतं, केस कापणाऱ्या बायकांचं होतं. हातांना थोडी विश्रांती द्या, मलम लावा, रेषा परत येतात. मग दुसऱ्यांदा ठसे द्या."

"किती दिवस?"

"पाच-सहा आठवडे द्या त्यांना."

"ठीक आहे मग," डार्ला म्हणाली. "तुम्हाला त्रास दिला. फार आभारी आहे."

इथे डार्लाचं चुकलं, आणि ही चूक तिच्या एकटीची म्हणता येणार नाही. ती सबंध मुलखाची आहे. या माळावरच्या माणसाचं घर पेटलं तरी तो बंबवाल्याला म्हणेल, तुमची गडबड नसेल तेव्हा या. फोनवर परक्या माणसाला एक प्रश्न विचारला, आणि त्याचं उत्तर मिळालं, की 'ठीक आहे मग' म्हणायचं. दुसरा प्रश्न म्हणजे आगाऊपणा. तिसरा विचारणारा माणूस शहरातून आलेला असतो. डार्लाच्या मनात दुसरा प्रश्न आला होता. नाहीच आल्या रेषा तर? पण केसलबाई इतक्या गोड बोलत होत्या, आणि त्यांना आणखी फोन घ्यायचे असतील, म्हणून तिनं तो गिळला.

मग सहा आठवडे हातांचे लाड सुरू झाले. गाईच्या सडांना लावायचं पिवळं मलम तिनं डबाभर आणलं. सकाळ-संध्याकाळ ते चोळायचं आणि वर पांढरे सुती मोजे चढवायचे. कामावर भांड्यांच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. घरी भांडी व्हर्लिनकडे. तीस वर्षांच्या संसारात त्यानं पहिल्यांदा भांडी घासली, आणि प्रत्येक काट्याच्या दातांत अंडं तसंच ठेवलं. डार्ला मोजे घालून बघत बसायची आणि दात-ओठ खायची. चर्चमधल्या बायकांना तर आयताच विषय मिळाला.

"या राणीसाहेब," ग्लेनिस म्हणायची. "तुम्ही बसा. कॉफी हातात देऊ का तोंडात घालू?"

डार्ला हसून सोडून द्यायची, पण आतून जळायची. आयुष्यात ती कधी हातावर हात ठेवून बसली नव्हती. आता हात हेच तिचं काम झालं होतं. दर रविवारी ती भिंग घेऊन बोटं बघायची. मार्चच्या शेवटी उजव्या अंगठ्यावर तिला अगदी पुसट दोन-तीन रेषा दिसल्या. ती तशीच उठली आणि आर्डिसला दाखवायला गेली.

आर्डिसनं तो अंगठा डोळ्यांजवळ धरला. तिचा स्वतःचा हात कागदासारखा हलका झाला होता. वजन शंभराच्या खाली गेलं होतं.

"दिसतात," ती म्हणाली. खरं तर तिला काही दिसत नसावं. "आता लवकर कर हो, डार्ला. मला भूक लागलीय."

भूक लागली असं आर्डिस आयुष्यात कधी कुणाला म्हणाली नव्हती. डार्लानं शेरिफच्या कचेरीत ठशांसाठी पंधरा एप्रिलची वेळ घेतली.

अकरा एप्रिलला सकाळी आर्डिस गेली. कुणी म्हणालं हृदय, कुणी म्हणालं वय. डार्लानं त्या दिवसाचं न्याहारीचं ताट परत आलेलं पाहिलं होतं. बिनमिठाचं अंडं, बिनलोण्याचा टोस्ट, काहीच उष्टं झालं नव्हतं.

अंत्यविधी चौदाला होता. नॉर्डबीत माणूस पुरला की सगळं गाव चर्चच्या तळघरात उतरतं. हॅमचे पाव, तीन प्रकारचे हॉटडिश, बटाट्याचं सॅलड, चौकोनी वड्या, आणि मोठ्या पिंपातली फिकी कॉफी. या जेवणाची पाळी बायकांच्या गटांत ठरलेली असते. त्या महिन्याची पाळी डार्लाच्या गटाची होती. दोनशे माणूस आलं. आर्डिसनं बहुतेकांना कधी ना कधी ताट पाठवलं होतं.

"तू फक्त कॉफी ओत," ग्लेनिसनं आधीच बजावलं. या वेळी ती राणीसाहेब म्हणाली नाही. "उद्या तुझे ठसे आहेत. पाण्याकडे फिरकायचं नाही."

डार्लानं मोजे घालून कॉफी ओतली. दोन वाजेपर्यंत लोक हटले, आणि मोरीपाशी कपबशांचा डोंगर उभा राहिला. ग्लेनिस आणि आणखी दोघी बाह्या सारून उभ्या राहिल्या. डार्ला टेबलं पुसत होती. पुसता पुसता तिचं लक्ष मोरीकडे गेलं. ग्लेनिस घाईघाईनं कप नुसते विसळत होती. कडांना लिपस्टिक तशीच होती. आर्डिसनं असा कप पाहिला असता तर तो सबंध ट्रे परत मोरीत गेला असता.

डार्लानं मोजे काढले.

"अगं ए, काय करतेस?" ग्लेनिस म्हणाली.

"सरक."

"डार्ला, सहा आठवडे..."

"सरक म्हटलं ना. आर्डिसच्या जेवणाचे कप आहेत हे. मी बसून राहू?"

तिनं पाणी हात पोळेल इतकं गरम केलं, तारेची घासणी घेतली आणि दोनशे कप, दोनशे बशा आणि हॉटडिशचे अकरा ट्रे घासले. मध्येच रडू आलं तेव्हा तिनं घासणं थांबवलं नाही. ग्लेनिस शेजारी उभी राहून पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी शेरिफच्या कचेरीत कर्ट नावाचा तरुण हवालदार होता. लहानपणी तो डार्लाच्या मुलाबरोबर तिच्या अंगणात खेळायचा. त्यानं तिचं एकेक बोट काचेवर टेकवलं. यंत्र दर वेळी लाल दिवा दाखवून कुरकुरलं.

"मिसेस ब्रेके, काल काय केलंत तुम्ही?"

"भांडी घासली."

"सगळीच्या सगळी बोटं कोरी येतायत. थोडे दिवस थांबायचं का?"

"नाही. पाठव आहेत तशी."

नऊ दिवसांनी दुसरं पत्र आलं. तीच ओळ, तोच शिक्का. डार्लानं फोन लावला. आता काय, आणखी सहा आठवडे, आणखी मलम, आणि कुणासाठी? केसलबाईंनी संगणकात बघितलं.

"अरे वा, दोनदा नाकारले गेले ना," त्या तितक्याच गोड आवाजात म्हणाल्या. "मग आता सोपं आहे. दोनदा नाकारले की बोटं लागतच नाहीत. नावावरून चौकशी होते. अर्ज आजच पाठवते. चार-पाच दिवसांत मोकळ्या तुम्ही."

मग डार्लानं आयुष्यातला पहिला दुसरा प्रश्न विचारला.

"पहिलं पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी परत ठसे दिले असते तर?"

"तर मार्चच्या मध्यापर्यंत परवाना मिळाला असता."

"मग मला मलम लावायला का सांगितलंत?"

"तुम्हाला चांगले ठसे द्यायचे असतील असं वाटलं मला. तुम्ही ठीक आहे म्हणालात. पुढचं काही विचारलं नाहीत."

"नाही विचारलं," डार्ला म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तो उतरवायची तिची इच्छा नव्हती. "माझंच चुकलं. आणि तुम्ही सांगितलं नाहीत. आपण दोघी इतक्या सभ्यपणे बोललो बाई, की तेवढ्यात इथे एक म्हातारी उपाशी मेली."

केसलबाई म्हणाल्या, "मला फार वाईट वाटतं हो."

'ठीक आहे मग' हे शब्द डार्लाच्या जिभेवर सवयीनं आले होते. तिनं ते मागे ढकलले.

"पहिल्या पत्रात एक ओळ घाला," ती म्हणाली. "दोनदा नाकारले की नावावरून होतं. एवढंच लिहायचं."

"तसा मला अधिकार नाही, मिसेस ब्रेके."

"कुणाला आहे?"

"संचालकांना. पण ते आत्ता मीटिंगमध्ये..."

"मी थांबते."

ती चाळीस मिनिटं थांबली. फोनमधलं ते टिपऱ्यांसारखं वाजणारं संगीत ऐकत, एका हातानं काट्यांच्या दातांतलं अंडं खरवडत. व्हर्लिन मधून मधून दारातून डोकावून जात होता. संचालक आले, त्यांनी विचार करू असं सांगितलं. कधीपर्यंत, असं डार्लानं विचारलं. कागदावर कळवाल का, असंही विचारलं. ओळ पुढे पत्रात आली की नाही हे तिला आजही माहीत नाही, पण दर महिन्याच्या एक तारखेला ती फोन करते.

परवाना पाचव्या दिवशी आला. मेच्या पहिल्या सोमवारी डार्ला स्वयंपाकघरात गेली ती मागच्या दारानंच, पण गळ्यात नवं ओळखपत्र होतं. तिनं कार्डांचा खोका काढला आणि एकेक कार्ड वाचायला बसली. चौदाव्या कप्प्यात आर्डिस टोलेफसनचं कार्ड होतं. मीठ वर्ज्य, साखर वर्ज्य, साय-लोणी वर्ज्य.

"हे अजून इथे कसं?" तिनं विचारलं.

"डाएटिशियनच्या सहीवाचून कार्ड काढता येत नाही ना," ताटं भरणारी बाई म्हणाली. "आर्डिसचाच नियम. पडद्यावरच्या बाई म्हणाल्या, तिमाही संपली की बघू."

डार्लानं पेन काढलं. कार्ड बंद करायच्या रकान्यात तारीख घातली आणि सही केली. परवान्यानं दिलेली तिची पहिली सही ती. कार्ड तिनं एप्रनच्या खिशात ठेवलं.

मग तिनं पुढचं कार्ड उचललं. ऑर्विल हौगेन, वय एक्क्याण्णव, खोली सोळा, तीन महिन्यांत अठरा पौंड घट. त्यावरची तिन्ही वर्ज्य तिनं आडव्या रेघेनं खोडली. खाली लिहिलं, 'साधा आहार. सायीची लापशी, लोणी-साखरेसह, रोज दुपारी.' डॉक्टरांना तिथूनच फोन लावला, आणि ते हो म्हणेपर्यंत ठेवला नाही.

बाराला ताट गेलं. एकला ते परत आलं. वाडग्यात चाटून-पुसून काही उरलं नव्हतं, चमचासुद्धा कोरडा होता. भांड्यांच्या खोलीतल्या बाईनं ते यंत्रात टाकायला हात पुढे केला.

"ते राहू दे," डार्ला म्हणाली. तिनं ते वाडगं मोरीत नेलं आणि मोजे न घालता हातानं घासलं.